हिचं रक्त लागलं नाही

माझी भाची लहान मुलांच्या कॅन्सरची आणि रक्ताच्या आजारांची डॉक्टर आहे. एवढं जड काम का निवडलंत, असं लोक विचारतात. ती हसून म्हणते, आवड. आवड कसली डोंबलाची! भावाच्या मरणाचं खापर आठव्या वर्षी तिच्या डोक्यावर फुटलं. फोडणाऱ्यांत मीही होते.

चिमी म्हणतो आम्ही तिला. तिच्या धाकट्या भावाच्या हाडांत रक्त तयार होणं बंद पडलं. घरात एकट्या चिमीचा बोनमॅरो जुळला. तिच्या कमरेत सुया घालून तो काढला आणि भावाला चढवला. चार महिने पोरगं उड्या मारत होतं. मग ताप आला, नाकातून रक्त यायला लागलं आणि तीन आठवड्यांत सगळं संपलं. भेटायला आलेल्यांसमोर तिचे वडील म्हणाले, "हिचं रक्त लागलं नाही." ते वाक्य आम्ही सगळ्यांनी उचललं. माझ्या सख्ख्या बहिणीनं, तिच्या आईनं, त्यानंतर पोरीची वेणी घातली नाही. कधीच नाही.

आपलं रक्त खरंच वाईट होतं का, एवढंच चिमीला जाणून घ्यायचं होतं. त्यासाठी ती डॉक्टर झाली. कॉलेजात तिनं स्वतःचं रक्त सात वेळा तपासून घेतलं. सगळं ठीक निघालं, तरी तिला पटेना. शेवटी भाऊ गेला त्याच हॉस्पिटलात नोकरी धरली आणि जुन्या कागदांच्या खोलीत तीन दिवस धूळ खाऊन त्याची फाईल काढली. नवं रक्त टिकावं म्हणून जी गोळी रोज घ्यायची, तिचं त्याच्या रक्तातलं प्रमाण होतं शून्य. गोळ्या द्यायचं काम वडिलांचं होतं. चोर सोडून संन्याशाला फाशी!

आम्ही दोघी तिच्या वडिलांच्या सलूनमध्ये गेलो. वाटेत तीच मला समजावत होती, "मावशी, त्यांच्यावर ओरडू नकोस हं. कुणी नीट सांगितलं नसेल त्यांना."

भावोजी वस्तरा पुसत होते. फाईल बघून दचकलेही नाहीत.

"त्या गोळीनं त्याच्या गालाकपाळावर केस यायचे," ते म्हणाले. "गिऱ्हाइकं चेष्टा करायची, आधी पोराची दाढी करा म्हणून. मग केली बंद. कसा लख्ख चेहरा झाला होता!"

"पण त्यानं काय होतं, हे तुम्हाला माहीत नव्हतं ना, बाबा?"

"नंतर डॉक्टरांनी सांगितलं की. तू बाहेर बाकावर बसली होतीस."

"मग माझं नाव का घेतलंत?"

"तुझ्या आईनं मला घराबाहेर काढलं असतं. तू तिच्या पोटची पोर. तुला कुठे हाकलणार होती?" त्यांनी वस्तरा खणात ठेवला. "आणि त्याच जिद्दीवर डॉक्टर झालीस की नाही?"

चिमीनं फाईल पिशवीत घातली. पायरीवर येऊन तिनं मला विचारलं, "मावशी, आईला शेवटपर्यंत कळलं नाही?"

तिची आई जाऊन सहा वर्षं झाली होती.

"नाही गं," मी म्हणाले.