एरंडावरचे तुडतुडे

लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. तिथल्या कॉलेजात मी प्राणिशास्त्र शिकवत होते आणि सोबत पीएच.डी.चं काम करत होते. विषय तुडतुडे. पानाखाली बसून रस पिणारे, तांदळाच्या दाण्याहून लहान, हिरवे किडे. नेमका तेव्हाच दुष्काळ पडला. शेतं वाळली, किडे मिळेनात.

मुरुडजवळच्या आमच्या गावी आई रोजगार हमीच्या कामावर माती वाहायची. जेवणाच्या सुट्टीत ती माझ्यासाठी काचेच्या नळीत तुडतुडे धरायची. विहिरीजवळ भेंडीची चार झाडं तगली होती आणि बांधावर एरंड.

एका रविवारी मी घरी गेले, तेव्हा तिनं दोन नळ्या वेगवेगळ्या करून माझ्या हातात दिल्या.

"एकात घालू नको, पोरी. भेंडीवरल्याच्या पंखावर काळा ठिपका हाय. एरंडावरल्याला न्हाई."

मी माझ्या मार्गदर्शक सरांना सांगितलं. ते म्हणाले, "ठिपके पुसट होतात. तेवढ्यावर जात ठरत नाही."

खरंच होतं. जात ठरते नराच्या शेपटाकडच्या भागावरून. तो कापायचा, मांस विरघळावं म्हणून पोटॅशच्या पाण्यात उकळायचा, मग सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा. हात थरथरला की नमुना गेला. माझे कितीतरी गेले. चौथ्या दिवशी दोन्ही नळ्यांतले नर नीट दिसले, आणि आतल्या बारीक काट्यांची ठेवण निराळी निघाली.

सरांनी वाकून बराच वेळ पाहिलं. "आधी कुणाच्या लक्षात आलं म्हणालात?"

"आईच्या. ती शाळेत गेलेली नाही."

सरांनी नमुने बाहेरगावच्या जाणकाराकडे पाठवले. काही महिन्यांनी उत्तर आलं: प्रजाती, म्हणजे जीनस, एकच; जाती, म्हणजे स्पीशीज, दोन; दोन्ही पूर्वीच नोंदलेल्या. मात्र एरंडावरच्या जातीची या जिल्ह्यातली ही पहिली नोंद.

सर हसले. "जिल्हाच नवा. इथं सगळंच पहिलं!"

मलाही हसू आलं. नवं काही सापडलं नव्हतं, तरी मन भरलं होतं.

पुढच्या बाजाराला आई लातूरला आली, तशी तिला प्रयोगशाळेत नेलं. सरांनी उठून स्वतःची खुर्ची दिली. "बसा, आई. तुमचाच किडा आहे."

आईनं पदर सावरला, एक डोळा मिटला आणि ती सूक्ष्मदर्शकाच्या भिंगावर वाकली.

"अगं बया," ती म्हणाली, "ह्याच्या पायाला किती काटे हायेत! म्हणून चावल्यावानी व्हायचं व्हय बोटाला."