देवीपुढची टोपी

परवा नातीनं ओव्हनमधून गुळाची बिस्किटं काढली आणि त्या वासासरशी मी लढाईच्या दिवसांतल्या औंधला जाऊन बसले.

नवरात्रातली अष्टमी होती. देवीवर टांगायच्या कडाकण्या आई तळत होती. गुळाच्या पाण्यात भिजवलेल्या पिठाची वेणी, फणी, बांगड्या असा देवीचा साज आम्ही पोरी वळत होतो. माझे वडील, आबा, पलटणीत होते. मी त्यांच्यासारखी टोपी केली.

चुलती ओरडली, "अगं, देवी काय टोपी घालती व्हय?"

आईनं टोपी तळली आणि दोऱ्यात ओवून सगळ्यांच्या मधोमध टांगली. मला वाटलं, माझीच सगळ्यांत झ्याक झाली! कितीतरी दिवस मी त्या तोऱ्यात होते.

दसऱ्याला बाकीच्या कडाकण्या आम्ही मोडून खाल्ल्या. टोपी मात्र आईनं डब्यात जपली. संक्रांतीला आबा घरी आले, तेव्हा ती त्यांच्या हातावर ठेवली.

"लय कडक हाय गं," म्हणत त्यांनी ती कराकरा खाल्ली. आई तोंडाला पदर लावून हसत राहिली.

पुढं माझा मुलगा सैन्यात गेला. त्या नवरात्रात मीही एक टोपी तळली.