एस्टल ग्रॅगच्या गाडीतली कोंबडी

ट्वायला शार्लटहून डोंगरावर पोचली तेव्हा तिचा बाप अंगणात पिकअपचं बॉनेट उघडून आत डोकं घालून उभा होता, आणि इंजिनाला असं काही बोलत होता की चर्चमधल्या बायकांनी ऐकलं असतं तर येत्या रविवारी त्याच्या शेजारी कुणी बसलं नसतं.

"कोंबडी पेटली," एस्टल ग्रॅग मान वर न करता म्हणाला.

कोंबडी म्हणजे डॅशबोर्डवर काट्यांच्या शेजारचा पिवळा दिवा. त्यावर काढलंय ते इंजिनाचं चित्र, पण एस्टलला पहिल्यापासून ती अंड्यांवर बसलेली कोंबडी दिसत आली, आणि एकदा त्याला एखादी गोष्ट दिसली की ती तशीच. हा दिवा मोठा खवचट. इंजिनात काहीतरी बिघडलंय एवढंच सांगतो. काय बिघडलंय ते तुमचं तुम्ही शोधा. घरात तोंड पाडून बसणारं एखादं माणूस असतं ना, तसा. पण त्या माणसाला निदान गरम जेवण वाढून बोलतं करता येतं.

"मागच्या आठवड्यात विझला होता ना?" ट्वायलाने विचारलं.

"विझला होता. मग मी शहरात गेलो, सामान आणलं, टाकी भरली, घरी आलो. सकाळी बघतो तर बसलीय पुन्हा!"

ट्वायलाला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. कारण हा दिवा तिच्या बाजूने होता.

त्याचं असं झालं होतं. तीन वर्षांपूर्वी आई, म्हणजे लोरीन, गेली तेव्हापासून ट्वायला बापाच्या मागे लागली होती की डोंगरावर एकटे राहू नका, आमच्याकडे या. एस्टल दरवेळी काहीतरी सांगून टाळायचा: कुत्रा, टोमॅटो, छप्पर. शेवटी वसंतात वैतागून तो बोलून गेला होता, "यंदा गाडी तपासणीत पास झाली नाही तर विकतो आणि येतो तुझ्याकडे. पण पास झाली, तर मी मरेपर्यंत हा विषय काढायचा नाही." कोंबडी पेटलेली गाडी तपासणीत पास करत नाहीत, पास न झालेल्या गाडीची नोंदणी होत नाही, आणि गाडीवाचून त्या कड्यावर पावाची लादीसुद्धा पोचत नाही. तपासणीची मुदत या महिनाअखेर संपत होती. एस्टल शब्द फिरवणारा माणूस नव्हता. ट्वायलाने घरातली मागची खोली रंगवूनही ठेवली होती.

म्हाताऱ्याने प्रयत्न करायचं काही बाकी ठेवलं नव्हतं. आधी टाकीचं झाकण बदललं, कारण गावातल्या हॉटेलात न्याहारीच्या टेबलावर जमणाऱ्या सगळ्या म्हाताऱ्यांचं झाकणावर एकमत झालं होतं. झाकण नवं, कोंबडी जुनीच. मग कुणी प्लग सांगितले, कुणी सेन्सर. शेजारच्या हॉइटने तर शपथेवर सांगितलं की उंदरांनी वायर खाल्लीय, आणि दोघांनी अख्खी दुपार गाडीखाली पडून काढली, पण कुरतडलेली वायर एकही सापडली नाही. शेवटी हॉइटने दिव्यावर काळी पट्टी चिकटवून दिली. "झाली दुरुस्त," तो म्हणाला. आपण केवढा विनोद केलाय या आनंदात तो घरी गेला.

मग एस्टलने बॅटरीची तार काढून पुन्हा लावली. दिवा विझला! तडक तपासणीला गेला. तिथल्या माणसाने गाडीला यंत्र जोडलं आणि मान हलवली. "साहेब, हिचा कॉम्प्युटर सगळं विसरलाय. आठवडाभर चालवा, त्याला स्वतःची तपासणी करू द्या, मग या."

"दिवा विझलाय की!"

"म्हणूनच तर."

"पेटला तर नापास, विझला तर संशय! अरे, ही गाडी आहे की सासू?"

तो आठवडा त्याने इमानाने गाडी चालवली, आणि आठवडा संपायच्या आत कोंबडी परत अंड्यांवर.

आता शेवटचा उपाय बर्ल. घाटाच्या पायथ्याशी त्याचं गॅरेज. त्याने दोनदा या गाडीत नवी डबी बसवली होती. टाकीतली पेट्रोलची वाफ बाहेर उडू नये म्हणून गाडीत कोळशाने भरलेली एक डबी असते, ती. ट्वायला बापाबरोबर पिकअपमध्ये बसून गेली. शेवट काय होतो ते तिला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं, आणि त्याची तिला थोडी लाजही वाटत होती.

बर्लने डबी काढून आणली आणि उलटी धरली. पेट्रोल ठिबकलं.

"मिस्टर एस्टल, मी हात टेकले," तो म्हणाला. "हिच्यात वाफ यायला हवी, वाफ! ही भिजून चिंब झालीय. तिसऱ्यांदा. पेट्रोल इथवर पोचतं कसं, ते मला समजत नाही. तुम्ही टाकी जास्त तर भरत नाही ना?"

एस्टल दुखावला. "जन्मात कधी एक थेंब जमिनीवर सांडला नाही माझ्याकडून. विचार कुणालाही."

"ते खरंय," बर्ल म्हणाला. त्याचा चेहरा पडला होता. त्याने नवी डबी बसवली, दिवा विझवला आणि सांगितलं, "चार-पाच दिवस चालवा. चढ, उतार, सपाट, सगळं. मग तपासणी. आता पेटला तर मात्र माझ्याकडे आणू नका, मिस्टर एस्टल. पाया पडतो तुमच्या."

गॅरेजमधून निघाल्यावर एस्टलने गाडी सरळ पंपावर घेतली.

"काटा अर्ध्याच्या वर आहे, डॅडी."

"एवढं चालवायचं म्हणतोय बर्ल. अर्ध्या टाकीवर कोण निघतं घरातून? माणूस आहे की पर्यटक?"

तो उतरला. ट्वायला वैतागून आरशात बघत बसली. लग्नानंतर ती बापाबरोबर पंपावर आलीच नव्हती. नळी टाकीत गेली, पेट्रोल वाहू लागलं, आणि टाकी भरल्यावर खटका पडला. कुणीही इथे थांबतो. पंपावरही मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं की खटका पडल्यावर आणखी भरू नका. उन्हाने अक्षरं विटली होती, आणि कड्यावरच्या एकाही माणसाने ती कधी वाचली नव्हती. एस्टलने पुन्हा दाबलं. पुन्हा खटका. मग त्याने नितंबाने गाडीला हलकासा धक्का दिला, बाळाला ढेकर काढायला थोपटावं तसा, आणि टाकीच्या तोंडाशी कान नेला. आत बुडबुडलं. तो समाधानाने हसला आणि थेंब-थेंब सोडू लागला, इतकं हळू, इतकं जपून, की खरंच एक थेंब बाहेर पडत नव्हता.

बाहेर पडत नव्हता, कारण तो आत डबीत जात होता.

ट्वायलाच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. तीन वर्षं! अख्ख्या गावाने डोकं लढवलं, बर्लची झोप उडाली, आणि हा माणूस दर शनिवारी स्वतःच्या हाताने, प्रेमाने, कान लावून, गाडीला बुडवत होता! तिच्या अंगाचा तिळपापड झाला. आणि त्याच क्षणी दुसरी गोष्टही तिला कळली. आपण फक्त गप्प बसायचं. दोन मिनिटं. डबी भिजेल, दिवा पेटेल, महिना संपेल, आणि डॅडी मागच्या खोलीत झोपतील, जिने चढणार नाहीत, बर्फात अडकणार नाहीत, एकटे पडून राहणार नाहीत.

ती गप्प बसलीही. बापाने पुन्हा गाडीला धक्का दिला. पुन्हा कान लावला. आत पुन्हा बुडबुडलं, आणि तो पुन्हा तसाच हसला.

ट्वायलाने हात लांब केला आणि तळव्याने हॉर्न दाबून धरला.

एस्टलच्या हाताची पकड जागच्या जागी सुटली. नळी त्याने मुकाट्याने पंपावर अडकवली, झाकण लावलं, आणि वळून केबिनकडे असं पाहिलं की ट्वायला घाबरलीच. तो रागावलेला नव्हता.

"तुझी आई असंच करायची," आत बसत तो म्हणाला. "खटका पडला की लगेच हॉर्न. मागे आइस्क्रीम वितळतंय म्हणून ओरडायची. इतकी वर्षं एकदासुद्धा सुखाने टाकी भरू दिली नाही."

"डॅडी," ट्वायला म्हणाली, "ही कोंबडी पहिल्यांदा कधी पेटली?"

त्याने किल्ली फिरवायला हात नेला होता, तो तसाच राहिला. "ती गेली त्या वर्षी," तो म्हणाला. मागच्या गाडीवाल्याने हॉर्न दिला तेव्हा कुठे तो हलला.

त्यानंतर पाच दिवस दोघं चढ-उतार हिंडली. भाजलेल्या लिव्हरमशची, म्हणजे डुकराच्या कलेजीच्या वड्यांची, सँडविच खाल्ली, भांडली, टाकीला हात लावला नाही. गाडी पास झाली. एस्टल कागद नाचवत बाहेर आला आणि ट्वायलाला एकदम रडू कोसळलं. आनंद, राग, सगळं एकत्र, आणि त्यात रागच जास्त.

"तू हॉर्न दिला नसतास तर मी आलो असतो," तो म्हणाला. "शब्द दिला होता."

"ठाऊक आहे मला."

"मग का दिलास?"

"कारण तुम्हाला कुणी थांबवल्याशिवाय थांबताच येत नाही! आता लक्षात ठेवा. खटका पडला की थांबायचं. मी नसेन तिथे."

एस्टलने कागदाची घडी घातली, खिशात ठेवली. दोघं गाडीत बसली. दिवा विझलेला होता. त्याने गाडी सुरू केली, काटा पाहिला, टाकी आता जवळजवळ रिकामी होती, आणि सवयीने गाडी पंपाच्या दिशेने वळवली. कोपऱ्यावर येऊन त्याने ब्रेक दाबला.

"आजच्या दिवस पंपावर चल तेवढी, हॉर्न द्यायला," तो म्हणाला.