माझ्या साडूंची निसर्गपेटी

समोरच्याला झाडाचं नाव सांगायला बोलवावं आणि त्याला स्वतःचंच नाव आठवेनासं करून परत पाठवावं, अशी कला साधलेला माणूस मुंबईच्या उपनगरांत एकच निपजला, आणि तो नेमका माझा साडू झाला! शाळेतल्या मास्तरांना पर्यावरण कसं शिकवावं हे शिकवणं, हा त्यांचा उद्योग. ब्याऐंशी-त्र्याऐंशीच्या त्या काळात पर्यावरण भूगोलाच्या तासाला घ्यायचं की शास्त्राच्या, याचाच मास्तरांना पत्ता नव्हता. साडूंच्या शिबिरातून बाहेर पडल्यावर तर भूगोल कशाला म्हणतात याचाही पत्ता उरत नसे. आरे कॉलनीत डोळ्यांना रुमाल बांधलेले मास्तर आणि बाई झाडांना मिठ्या मारताहेत आणि तबेल्यातले गवळी दुधाच्या कासंड्या खाली ठेवून बघत उभे आहेत, हे दृश्य मी स्वतः पाहिलंय. घाटकोपरच्या एका मास्तरांनी तर विजेच्या खांबाला कवटाळून "ताड!" असं जाहीर केलं. साडूंनी शांतपणे विचारलं, "कशावरून?" हा त्यांचा ठेवणीतला प्रश्न. घरी मेव्हणी म्हणाली, "भात लागला वाटतं," तरी हे म्हणणार, "कशावरून?" "वासावरून! आणि उठा आता, नाहीतर उपाशी निजाल!"

त्यांना मात्र कोणी प्रश्न विचारत नसे. विचारलाच तर एकच, "सर, हे परीक्षेला आहे का?" तो ऐकला की साडूंचं जेवणावरचं लक्षच उडायचं.

शिबिरानंतर ते प्रत्येक शाळेला एक पत्र्याची पेटी देत. आत बिया, शेंगा, शंख, सापाची कात, सुगरणीचं घरटं. पोरांनी हाताळावं, वास घ्यावा, मोडलं तर मोडावं म्हणून. शाळा ती पेटी तत्काळ मुख्याध्यापकांच्या कपाटात कुलूपबंद करत. मोडली म्हणजे?

एकदा शिक्षणखात्यातले साहेब मुलुंडच्या एका शाळेत पेटी बघायला येणार असं ठरलं. त्यांना पटलं तर शिबिरं चालू, नाहीतर कायमची बंद. साडूंनी धीराला म्हणून मला सोबत नेलं. साहेबांसमोर पेटी उघडली आणि फिनेलचा भपकारा आला. शंखांना चंदेरी रंग, बियांना खोबरेल, कातीला हलकी इस्त्री, आणि घरटं साबणाच्या पावडरीत धुऊन वाळवलेलं!

"साहेब, आपण येणार म्हणून सगळं स्वच्छ करून घेतलं," मुख्याध्यापक अभिमानाने म्हणाले.

साडू पांढरे पडले. साहेब मात्र खूश! "वा! इतकी टापटीप कुठल्याच शाळेत पाहिली नाही. शिबिरं चालू राहू द्या."

साडूंनी मला जिन्यात ओढलं. "अरे, मी पास झालो की नापास?"

तेवढ्यात घरटं धुणाऱ्या चौथीच्या बाई ते हातात घेऊन चोरपावलांनी खाली आल्या. "सर, रागावणार नसाल तर विचारू? बाकी सगळं निघालं, पण आत चिखलाचा गोळा चिकटलाय तो काही केल्या निघेना. पाखरानं स्वतःच्या घरात चिखल कशाला लावला असेल हो?"

साडू मटकन पायरीवरच बसले. "खरंच ठाऊक नाही हो, बाई," ते हळूच म्हणाले. "बसा ना. मलाही कित्येक वर्षं हेच कोडं पडलंय."

वर आभारप्रदर्शन चाललं होतं. साडूंच्या नावाचा दोनदा पुकारा झाला. ते दोघं मात्र साबणाचा वास येणारं ते घरटं उजेडाकडे धरून, आळीपाळीने एकेक डोळा आत लावत बसले होते. मी दोन पायऱ्या वर उभा होतो. त्यांना हाक मारायला माझी जीभ काही उचलेना.