साडेपाच तासांचा फरक

वर्ध्याच्या आमच्या घरी इंटरनेटवरून टीव्ही दाखवणारा डबा गल्लीतल्या केबलवाल्याने बसवला, तेव्हा मी तासभर घासाघीस केली. तो एका रुपयानेही उतरला नाही, हे मी विसरलेलो नाही. बोलतोही मोजकंच. काहीही विचारा, आधी रुमालाने रिमोट पुसणार, मग म्हणणार, "पाहू ना भाऊ."

त्या रविवारी माझी मुलगी एका प्रश्नमंजूषेत दिसणार होती. दुपारी तीनला पाहतो, तर पडद्यावरच्या वेळापत्रकाप्रमाणे तो कार्यक्रम एक वाजताच होऊन गेलेला. पोरगी रडायला लागली. मी त्याला बोलावून घेतलं आणि दारातच तोंड सोडलं, "काऊन रे, असं लावते का वेळापत्रक?"

त्याने रिमोट पुसला आणि दोन-चार बटणं दाबली. डब्याचं घड्याळ लंडनच्या वेळेवर गेलं होतं. ते बदलताच कार्यक्रम संध्याकाळी साडेसहाला दिसू लागला. पोरगी टाळ्या पिटत अंगणात पळाली, माझाही जीव भांड्यात पडला.

"पण घड्याळाले हात कोणी लावला?" बायकोने विचारलं.

सकाळी रिमोटशी मीच खटपट केली होती. तो माझ्याकडे न पाहता म्हणाला, "कोणीच नाई वहिनी. लाईट गेली की होते असं."

मी गंभीरपणे मान डोलावली. त्या दिवशी लाईट गेलीच नव्हती.