लोकायचं बोलणं लिहून नेणारी बाई

ती बाई आमच्या एकोडीत महिन्यातून दोनदा येते. आजाराबद्दल लोकायचं बोलणं अभ्यासासाठी वहीत लिहून नेते. मी चौथी शिकलो, पण कोण कायले विचारते ते मले समजते, म्हणून आधी दोन खेपा मी तिले दारातूनच वापस धाडलं. ती रागावली नाही. तिसऱ्या खेपेले आली न खुर्ची सोडून दारापुढच्या सपरीत खाली बसली. माणूस चूप झाला तर तीही चूप बसते, न मंग हळूच म्हणते, "मंग काय झालं, बाबाजी?"

माझी बायको टीबीनं गेली. दवाखान्याच्या कागदावर 'गोळ्या स्वतःहून सोडल्या' एवढंच लिहिलं हाये. काहून सोडल्या, ते या बाईनंच पहिल्यांदा विचारलं. मी सांगितलं. सकाळी गोळी घेतली की तिले चक्कर ये. रोवण्याच्या दिवसात धानाच्या बांधीत वाकून ती मागं राहे, न बाकीच्या बाया हासत, "काहो पाटलीणबाई, झोप झाली का?" म्हणून रोवणा सरेपर्यंत तिनं गोळ्या तांदळाच्या कोठीत लपवल्या.

उठायच्या आधी बाईनं सगळं वाचून दाखवलं, मी जसं बोललो तसंच. शेवटी होतं, "गोळ्या लपवल्या ते मले मालूम होतं. पण बांधी रोवाची राहिली होती, म्हणून मी चूप राहिलो."

माझ्याच तोंडचं होतं. मी वहीतल्या त्या ओळीवर बोट ठेवलं.

"खोडू का, बाबाजी?"

"नको," मी म्हणलं. "राहू दे."