हाताला कळतं

या माणसाचं खरं नाव बँकेला ठाऊक. बाकी सगळे त्याला पक्का म्हणायचे. एकतीस वर्षं मोटरसायकली दुरुस्त करताना एक एक बोल्ट आवळून झाला की तो स्वतःशीच ‘पक्कं’ म्हणे, तेच नाव चिकटलं. किती आवळायचं ते कसं कळतं, असं कुणी विचारलंच तर म्हणायचा, “हाताला कळतं.” हे सांगताना मान जरा ताठ व्हायची. गर्व नव्हता असं कशाला म्हणायचं, होताच, आणि त्याला तो शोभायचाही.

आठ महिन्यांपूर्वी त्याच्या लेकीने भंगारातून सत्तावीस वर्षांची एक स्पोर्ट्स मोटरसायकल आणली. अर्धी टेम्पोतून, अर्धी गोणीतून. टाकीत तांबडं पाणी, टायरला भेगा, कार्ब्युरेटरमध्ये कोळ्याचं बिऱ्हाड. आईने कपाळाला हात लावला. पक्क्याने गाडीभोवती एक चक्कर मारली आणि बाह्या सरसावल्या. दर रविवारी बापलेक वर्कशॉपात. टाकीचा गंज काढला, टायर, साखळी, ब्रेकच्या नळ्या नव्या घातल्या, तेल गळणारे पुढचे शॉक अब्सॉर्बर दोनदा खोलले. वेगात धावायला केलेली गाडी थांबायलाही तितकीच भरवशाची हवी, हे त्याने लेकीला इतक्यांदा ऐकवलं की ती पुढचे शब्द आधीच म्हणायची.

एक गोष्ट मात्र तो कुणालाच सांगत नव्हता. त्याची बोटं बधिर होत चालली होती. साखरेने नसांवर परिणाम झालाय, असं डॉक्टर म्हणाले. त्याने गोळ्या खिशात टाकल्या आणि घरी मूग गिळून बसला. मागच्या आठवड्यात तापलेल्या सायलेन्सरला अंगठा टेकला, ते त्याला जळक्या वासावरून कळलं. हात गेले तर आपल्याकडे उरतं काय, ही भीती त्याला दिवसभर आतून पोखरत होती.

आज गाडी पहिल्यांदा रस्त्यावर उतरणार होती. आवारात दोन सावकाश फेऱ्या झाल्या होत्या. फाटकाबाहेर सरळ उतार, खाली चौक, चौकात ट्रकची ये-जा. लेकीने हेल्मेटचा पट्टा लावला.

“बाबा, पुढचा ब्रेक झाला ना?”

“हं.”

एवढंच. पक्कं हा शब्द तोंडातून निघालाच नाही. इंजिनाच्या आवाजात तिला फरक कळला नाही. त्याला कळला. पुढच्या चाकाची डिस्क चिमटीत धरणारा ब्रेकचा तो जड भाग दोन बोल्टांवर उभा असतो. ते त्याने काल संध्याकाळी आवळले होते. दुसऱ्या बोल्टाच्या वेळी पक्कं म्हणाला होता, तेवढं आठवत होतं. पण हाताला कळलं म्हणून म्हणाला, की जिभेला सवय म्हणून?

सांगायचं म्हणजे आयुष्यभराची इभ्रत गेली. न सांगायचं म्हणजे ती समोर होती, गिअर टाकत होती. गाडी हलली. पक्का धावला. गुडघे कुरकुरणारा माणूस, पण धावला, आणि फाटकात आडवा उभा राहिला.

“उतर.”

“अहो बाबा, आत्ता काय?”

“उतर म्हणतोय ना.”

तिने इंजिन बंद केलं. आठ महिने वाट बघून हे ऐकायचं, म्हणून ती वैतागली होती. “आता काय राहिलंय?”

“माझी बोटं,” तो म्हणाला. “बोटांना काही कळत नाही. महिना झाला. पुढचे बोल्ट तू बघ.”

ती आत गेली आणि जोर मोजणारा पाना घेऊन आली. ठरलेला जोर आला की तो कट् असा वाजतो. पहिला बोल्ट लगेच वाजला. दुसरा वाजेना. पाना फिरत राहिला. पक्का श्वास रोखून ऐकत होता. शेवटी वाजला.

“किती फिरला?”

“थोडासा.”

“मला बनवू नकोस. किती?”

“अर्ध्या फेऱ्याहून जास्त.”

तो वर्कशॉपच्या पायरीवर जाऊन बसला. तिला वाटलं, आपल्याला काही झालं असतं तर, या विचाराने बाबांना धस्स झालं. ती शेजारी बसली, त्याचा हात हातात घेतला. ती भीतीही खरीच होती. पण एव्हाना तो मनात मागे जात होता. शनिवारी दोन गाड्या, शुक्रवारी तीन. मंगळवारी बेकरीवाल्याची स्कूटर, पुढचं चाक काढून बसवलेलं, आणि त्यावर रोज त्याची दोन पोरं शाळेत जातात. महिनाभरात फाटकातून चाळीसेक गाड्या गेल्या असतील.

त्याने खिशातून फोन काढला. अंगठा भलत्याच नावावर पडत होता. “बेकरीवाल्याला लाव,” तो लेकीला म्हणाला.

तिने फोन त्याच्या कानाला धरला.

“स्कूटर बाहेर काढू नका,” पक्का म्हणाला. “मी येतोय. लेकीला घेऊन येतोय, सगळं परत बघायचंय.”

पलीकडे बेकरीवाला हसला. “अहो, तुम्ही हात लावलाय म्हटल्यावर आता काय बघायचंय?”

“मी हात लावलाय,” पक्का म्हणाला, “म्हणूनच बघायचंय.”